हात वल्ह्यावर, उपसा पायाने

पावसाळा ओसरून समुद्र निवळला, की रायगडच्या किनाऱ्यावर सुटीची वर्दळ सुरू होते. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन ही नावे मुंबई-पुण्याच्या वाचकाला नवी नाहीत. त्या वर्दळीत अलीकडे कयाक ही चिंचोळी होडीही अधूनमधून दिसते. एकच माणूस पाय लांब करून तीत बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती हाकतो. मुंबईकर कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटरचा पश्चिम किनारा अशा होडीतून पार केला. त्याआधी ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ मध्ये घडीच्या कयाकमधून मायदेशाहून निघाला आणि भारताच्या किनाऱ्याने पुढे जात १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाला पोहोचला होता.

ही होडी घरी, स्वतःच्या हातांनी बांधता येते, हे समजल्यावर हौशी माणसाला राहवत नाही. मात्र बांधणीचा आराखडा हाती घेताना बहुतेकांचे लक्ष आकार, वजन आणि वॉर्निशची झळाळी याकडे असते. आत शिरलेले पाणी बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न शेवटी, होडी तयार झाल्यावर आठवतो. तेव्हा त्याचे उत्तर अवघड झालेले असते. पायाने चालणारा उपसा पंप हे त्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आहे. परंतु त्याचा विचार होडीचा माथा, म्हणजे डेक, बसवण्यापूर्वीच करावा लागतो. तो का, हे समजण्यासाठी आधी पाण्याची वागणूक पाहू.

आतले पाणी घातक का?

लाकडी होडी आणि पाणी उपसणे यांचे नाते आपल्या किनाऱ्याला नवे नाही. पावसाळ्यात कोळीवाड्यातल्या लाकडी होड्या वाळूवर ओढून झापांखाली ठेवल्या जात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात लोटल्या, की सुकलेल्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपे. लाकूड फुगून सांधे आवळेपर्यंत डब्याने पाणी उपसत राहणे हा खलाशांचा नित्यक्रम असे. मोठ्या होडीत हे जमते, कारण एक जण उपसतो आणि बाकीचे होडी सांभाळतात. कयाकमध्ये खलाशी एकच असतो आणि त्याचे दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले असतात.

पाण्याचे वजन ही पहिली अडचण. समुद्राचे एक लिटर पाणी एक किलोपेक्षा किंचित अधिक भरते. बैठकीच्या खणात ६० लिटर पाणी आले, तर एक सडपातळ माणूस आणखी आत येऊन बसल्यासारखे होते. पण खरा धोका वजनापेक्षा त्या पाण्याच्या हालचालीत आहे. पाण्याने भरलेली परात घेऊन चालताना परात जराशी कलली, की सारे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात अधिकच कलते. कयाकमध्ये नेमके हेच घडते. होडी डावीकडे झुकली, की आतले पाणी डावीकडे सरकते आणि तिला सावरण्याऐवजी उलटवायला मदत करते. म्हणून उलटलेल्या कयाकमध्ये पुन्हा चढून बसलेला माणूस, आतले पाणी तसेच राहिले, तर काही क्षणांत पुन्हा उलटू शकतो.

रायगडच्या खाड्यांच्या मुखाशी हा धोका विशेष जाणवतो. रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते, मुरूडजवळ राजपुरीची खाडी आहे, हरिहरेश्वरच्या दक्षिणेला सावित्रीचे मुख आहे. शाळेच्या भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा जोर धरतो. त्याच वेळी ओहोटी लागली असेल, तर खाडीचे पाणी बाहेर धावत असते आणि वारा त्याला समोरून अडवत असतो. अशा ठिकाणी लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक अशा उठतात. सकाळी आरशासारख्या पाण्यातून बाहेर पडलेला हौशी वल्हेकरी दुपारी परतताना याच जागी अडचणीत येतो. त्या क्षणी वल्हे खाली ठेवून दोन्ही हातांनी पाणी उपसणे म्हणजे सायकल चालवताना दोन्ही हात सोडून चाकात हवा भरण्यासारखे आहे.

उपशाचे चार मार्ग

पाणी काढण्याची साधने तशी अनेक आहेत. तोंड कापलेला प्लॅस्टिकचा डबा स्वस्त आणि भरवशाचा असतो. पण कयाकच्या बैठकीचे तोंड अरुंद असते. त्यावर कमरेपासून ताणून बसवलेला, लाटांचे पाणी आत येऊ न देणारा स्कर्ट असतो. डबा वापरायचा तर तो स्कर्ट उघडावा लागतो आणि पुढची लाट नवे पाणी घेऊन येते. पिचकारीसारखा हातपंप अधिक वेगवान असतो आणि सोबत्याच्या होडीलाही तो देता येतो. मात्र त्यालाही बहुधा दोन हात लागतात. विजेवरचा पंप हात आणि पाय दोन्ही मोकळे ठेवतो. पण बॅटरी, तारा आणि खारे पाणी यांचे फारसे जमत नाही, आणि नेमक्या वेळी तो बंद पडला तर खलाशाजवळ दुसरा उपाय राहत नाही.

चौथा मार्ग पायाचा. पायाने पाणी चढवणे ही कल्पना कोकणाला परकी नाही. वाड्यांना पाणी देण्यासाठी रहाट होतेच, त्याचबरोबर पायाने फिरवायचे पायरहाटही होते. कयाकमधला पायपंप रहाटापेक्षा लोहाराच्या भात्याला अधिक जवळचा आहे. एका वाटीच्या तोंडावर जाड रबराचा पडदा ताणलेला असतो. वाटीला दोन तोंडे असतात आणि दोन्हींत एकाच दिशेने उघडणारी झडप असते. पायाच्या चवड्याने पडदा दाबला, की वाटीतले पाणी बाहेरच्या नळीत ढकलले जाते. पाय उचलला, की स्प्रिंग पडद्याला मागे खेचते, आत पोकळी निर्माण होते आणि तळाचे पाणी दुसऱ्या झडपेतून वाटीत येते. फिरणारा एकही भाग नाही आणि वीज नाही. झडपेत वाळू अडकणे आणि नळीत हवा शिरणे, एवढेच त्याचे मुख्य शत्रू.

वेगाच्या बाबतीत मात्र फार अपेक्षा ठेवू नये. समजा, एका दाबाला पाव लिटर पाणी बाहेर पडते आणि मिनिटाला ४० वेळा पाय दाबता येतो. म्हणजे मिनिटाला दहा लिटर. वर उल्लेखलेले ६० लिटर काढायला सहा मिनिटे लागतील. हातपंप हे काम याहून लवकर उरकेल. पण या सहा मिनिटांत वल्हे हातात असते, स्कर्ट बंद असतो आणि होडीचे तोंड लाटेकडे ठेवता येते. पायपंपाचे मोल त्याच्या वेगात नसून या मोकळ्या हातांत आहे.

डेक बसवण्याआधीचा निर्णय

घरी बांधायची कयाक बहुधा शिवून आणि चिकटवून केली जाते. पातळ मरीन प्लायवुडच्या पट्ट्या कापायच्या, कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवायच्या, सांध्यांत इपॉक्सीचा लगदा भरायचा आणि वरून काचतंतूचे कापड इपॉक्सीने बसवायचे. ही पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'मिरर' या छोट्या शिडाच्या होडीमुळे घरोघरी पोहोचली. त्या होडीमागे एक दैनिक वृत्तपत्रच उभे होते आणि तिचे नावही त्या वृत्तपत्रावरूनच पडले. लाकूड आणि काचतंतू यांचा असा मेळ मोठ्या नौकांतही चालतो. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' याच मिश्र बांधणीची आहे.

अशा कयाकचा तळ आधी तयार होतो आणि डेक नंतर चिकटवला जातो. डेक बसला, की पावलांच्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी बैठकीच्या तोंडातून पालथे पडून हात लांब करावा लागतो. तिथे भोक पाडणे, बोल्ट आवळणे, इपॉक्सी नीट पसरवणे हे मोठे कष्टाचे काम होते आणि कष्टाने केलेला सांधा बहुधा कच्चा राहतो. म्हणून पंपाची जागा, त्याचा आधार आणि नळीची वाट हे तिन्ही डेकआधी ठरवावे.

याच टप्प्यावर घरच्या बांधणीचा मोठा लाभ घेता येतो. कयाकच्या पोटात आडव्या भिंती घालून पुढचा आणि मागचा भाग हवाबंद करतात. या भिंतींना बल्कहेड म्हणतात. बाजारातल्या कयाकमध्ये पुढची भिंत उंच माणसाचा विचार करून बरीच पुढे ठेवलेली असते. आपल्या होडीत ती आपल्या पावलांच्या जरा पुढेच बसवता येते. मागची भिंतही पाठीच्या अगदी मागे घेता येते. यामुळे पाणी साठू शकेल अशी जागाच कमी होते. ४० लिटर जागा वाचवली, तर वरच्या हिशेबाने चार मिनिटांचा उपसा वाचला. उत्तम पंपापेक्षाही हा उपाय मोलाचा आहे.

बसवणी कशी करावी?

पहिली पायरी म्हणजे नुसते बसून पाहणे. तळ जमिनीवर नीट टेकवावा, ठरल्या जागी आसन ठेवावे आणि समुद्रात घालतो तीच पादत्राणे घालून पाय ताणावेत. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला पावले पायटेकूवर दाबली जातात. तिथूनच अंगाचा जोर होडीला मिळतो. म्हणून पायटेकूची जागा आधी ठरवावी आणि पंप दोन्ही पायटेकूंच्या मधोमध, टाच न उचलता चवडा पोहोचेल अशा उंचीवर यावा. पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो जागेवर चिकटवून पाहणे सर्वांत सोपे. होडी उलटल्यावर पाय झटकन मागे ओढता आले पाहिजेत. पाऊल अडकेल अशी नळीची वेटोळी किंवा पुढे आलेला बोल्ट तिथे असता कामा नये. या एका गोष्टीत तडजोड करू नये.

दुसरी पायरी आधाराची. पायाचा जोर सहज वीस-पंचवीस किलोंचा असतो आणि तो हजारो वेळा एकाच जागी पडतो. बल्कहेडचे पातळ प्लायवुड तेवढे सोसत नाही. ते लवते आणि कडेचा सांधा उकलतो. म्हणून त्यावर साधारण १२ मिलिमीटर जाडीची, शक्य तितकी रुंद फळी इपॉक्सीने चिकटवावी आणि तिच्या कडा तळाला व बाजूंना लगद्याने सांधाव्यात. पंपाचे बोल्ट भिंतीच्या आरपार नेले, तर पुढच्या हवाबंद खणाला भोके पडतात. त्यापेक्षा फळी चिकटवण्यापूर्वीच तिच्या मागून बोल्ट घालून त्यांची डोकी इपॉक्सीत बुजवावीत. मग पंप पुढून बसवता येतो आणि दुरुस्तीसाठी काढताही येतो. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. साध्या लोखंडाला खाऱ्या हवेत गंज चढायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट फक्त लाकडी होडीची. प्लायवुड आय. एस. ७१० या भारतीय मानकाचे असले, म्हणजे त्याचा चिकटा पाण्याला टिकणारा असला, तरी आतले लाकूड लाकूडच असते. भोकाच्या कडेतून पाणी थरांत शिरले, की ते आतल्या आत पसरते. वरून काही महिने काहीच दिसत नाही. पुढे एके दिवशी वॉर्निशखाली काळा डाग उमटतो. त्यामुळे प्रत्येक भोक आधी गरजेपेक्षा मोठे पाडावे, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरावे, आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मध्यावर हव्या त्या मापाचे भोक पुन्हा पाडावे. मग बोल्टच्या भोवती लाकूड नसते, इपॉक्सीचे कडे असते. हे काम दोन दिवस मागते, पण होडीचे आयुष्य वाढवते.

चौथी पायरी पाणी शोषण्याच्या जागेची. तळाचा सर्वांत खोल बिंदू कागदावर दिसतो तिथे नसतो. माणूस बसल्यावर होडी कशी टेकते, यावर तो ठरतो. म्हणून तात्पुरते पाण्यात उतरावे, आत बसावे आणि कुणाला तरी अर्धी बादली पाणी ओतायला सांगावे. पाणी जिथे जमते तिथे खूण करावी. बहुधा ती जागा आसनाच्या आसपास निघते. नळीचे तोंड तिथे न्यावे आणि त्याला जाळीदार गाळणी लावावी. आपल्या किनाऱ्यावर पावलांबरोबर वाळू आत येतेच, आणि गाळणी नसेल तर तीच वाळू झडपेत जाऊन बसते.

नळी मात्र बागेला पाणी घालायची नसावी. शोषणाच्या पोकळीने ती चपटी होते आणि पंप कोरडाच भकभकत राहतो. भिंतीत सर्पिल तार किंवा कडक प्लॅस्टिकचा वेढा असलेली नळी घ्यावी, तिची वळणे सौम्य ठेवावीत आणि प्रत्येक टोकाला स्टेनलेसच्या दोन क्लिप लावाव्यात. नळीचे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केले, की ते तोंडावर सहज चढते. शोषणाच्या बाजूला सुईएवढी फट राहिली, तरी पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पंप चालत नाही अशी तक्रार असेल, तर आधी क्लिप तपासाव्यात.

पाणी बाहेर सोडण्याचे तोंड डेकवर, बैठकीच्या पुढे आणि एका बाजूला असावे. समोर असल्यामुळे धार पडताना दिसते आणि पंप चालू आहे याची खात्री पटते. होडी उलटली असता हेच तोंड पाण्याखाली जाते. पंपाच्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत. पण एखादीत वाळू अडकली असेल तर त्यांच्यावर विसंबता येत नाही. म्हणून या तोंडापाशी आणखी एक एकदिशा झडप बसवणे इष्ट. डेकच्या खालून तिथे लाकडाची छोटी जोडफळी चिकटवावी.

चाचणी आणि निगा

काम पुरे झाले, की थेट समुद्र गाठू नये. कमरेएवढ्या शांत पाण्यात, सोबत एक माणूस ठेवून, मोजून २० लिटर पाणी आत ओतावे आणि ते काढायला किती दाब व किती मिनिटे लागतात हे लिहून ठेवावे. पुढे दर हंगामात हीच चाचणी करावी. आकडा वाढला तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा पडदा थकला आहे, असे समजावे. त्यानंतर मुद्दाम होडी उलटवून, बाहेर येऊन, पुन्हा चढून, स्कर्ट बंद करून उपसा करावा. वल्ह्याने तोल सांभाळत पाय चालवणे ही वेगळी सवय आहे आणि ती किनाऱ्याजवळच लावून घ्यावी लागते.

प्रत्येक फेरीनंतर बादलीभर गोडे पाणी पंपातून काढावे. मिठाचे खडे झडपांना ताठरवतात. गाळणी सोडवून धुवावी. पावसाळ्याआधी क्लिप सैल करून नळ्या सुकवाव्यात आणि पंप उघडून पडदा पाहावा. जास्तीचा एक पडदा नेहमी जवळ असावा. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून त्यावरचे वॉर्निश वेळच्या वेळी नवे करावे.

पायपंपाच्या काही मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. तो एकाच माणसाच्या पायांच्या मापाने बसतो. भाऊ किंवा मुलगी होडी नेणार असेल, तर पायटेकू पुढेमागे होतात, पंप होत नाही. तो सोबत्याच्या होडीला उपयोगी पडत नाही. पायाला गोळा आला तर थांबावे लागते. म्हणून डेकच्या दोरीखाली एक हातपंप आणि आत एक स्पंज असावाच. तसेच कोणताही पंप जीवरक्षक जाकिटाची जागा घेत नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून सकाळी निघावे, खारा वारा चढण्याआधी परतावे, किनाऱ्यावर कुणाला तरी आपला मार्ग आणि परतीची वेळ सांगून जावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक जलरोधक पिशवीतल्या मोबाइलमध्ये असावा. जून ते ऑगस्टच्या समुद्रात अशा होडीने जाऊच नये. त्या दिवसांत पिढ्यान्पिढ्यांचे तांडेलही होड्या वाळूवर ओढून ठेवत आले आहेत.

तेच दिवस घरात होडी बांधायला उत्तम वाटतात, पण ओल्या हवेत इपॉक्सी नीट धरत नाही. म्हणून पावसाळ्यात आराखडा काढावा, भिंती आणि पंपाची मापे ठरवावीत आणि पुठ्ठ्याचे नमुने कापावेत. लाकडाला हात दसऱ्यानंतर घालावा. डेकची शेवटची फळी चिकटवण्याआधी एकदा आत बसून डोळे मिटावेत आणि चवडा पंपावर अचूक पडतो का, ते पाहावे. खाडीच्या तोंडाशी लाटा अंगावर येत असताना डोळ्यांना तिकडे पाहायला सवड नसते.